फुटाला चार सूत

हा मजकूर आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. एक सांगतो, दुसरी लिहिते. मध्येच भांडण होतं, मग चहा होतो, मग पुन्हा लिहिणं. आमच्यातल्या एकाने चाळीस वर्षं कऱ्हाड आणि आसपासच्या गावांत गवंडीकाम केलं. सारा मोहल्ला त्यांना मिस्त्री म्हणतो, तेव्हा इथेही मिस्त्रीच म्हणू. दुसरी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून निवृत्त झाली. तिच्या हातात पेन आहे, म्हणून काही ठिकाणी तिचीच बाजू जास्त आली असेल. मिस्त्रींना ते मान्य आहे, म्हणजे निदान वाचून दाखवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो. मुलगा, सून आणि आठ वर्षांचा नातू डेट्रॉइट शहराच्या बाहेर राहतात. तिथे जूनमध्ये शाळांना सुट्टी लागते आणि माणसं घरदार सोडून जंगलात राहायला जातात. हौसेने, पैसे भरून. आपल्याकडे पाहुणा आला की त्याला महाबळेश्वर दाखवतात, तसं मुलाने आम्हाला हे दाखवायचं ठरवलं. त्याने एका गृहस्थाकडून चार दिवसांसाठी एक छोटा ट्रेलर भाड्याने घेतला.

ट्रेलर म्हणजे ऊस वाहतो तो नव्हे. चाकांवरची खोलीच ती. दोनच चाकं, मध्ये एक आस, पुढे लोखंडी दांडा आणि तो मोटारीच्या मागच्या गोळ्याला अडकवायचा. सोळा फुटांच्या त्या डब्यात पलंग, मोरी, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, आणि टेबल मोडलं की आणखी एक पलंग. मिस्त्रींनी आत पाऊल टाकल्या टाकल्या भिंत वाजवून बघितली आणि म्हणाले, “पुठ्ठा आहे.” पण कपाटांची मांडणी बघून खूश झाले. एक इंच जागा वाया घालवली नव्हती.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लिहिणारीला मधुमेह आहे, हे मुलाला माहीत होतं. गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं, हे माहीत नव्हतं. चौदा महिने झाले होते. आम्ही दोघांनी ठरवूनच सांगितलं नव्हतं. सात समुद्रांपलीकडे पोरगं, त्याला रात्री झोप लागणार नाही, फोनवर रोज तेच विचारेल, शिवाय करणार काय तिथून? असं आमचं म्हणणं. आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुलं बाहेरदेशी आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सहा महिन्यांची पेनं सोबत आणली होती. चालू पेन लिहिणारीच्या पर्समध्ये आणि बाकीची मुलाच्या फ्रिजमध्ये मागच्या बाजूला, हळदीच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. सुनेला सांगितलं होतं, गावची हळद आहे, ओल लागू नये म्हणून गारव्यात ठेवते. चार दिवसांसाठी निघताना तो डबा आम्ही सोबत घेतला. रोज सुनेच्या हाताला लागणारा फ्रिज, घरी एकटा सोडायचा धीर झाला नाही.

मिशिगन राज्याच्या उत्तरेला इंटरलॉकन नावाचं सरकारी उद्यान आहे. एका बाजूला ग्रीन लेक, दुसऱ्या बाजूला डक लेक, आणि मधल्या पट्टीत जुनी पाइनची झाडं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या राज्यातली पाइनची जंगलं लाकडासाठी कापून जवळजवळ साफ केली गेली. हा उरलेला तुकडा वाचवायला सरकारने 1917 मध्ये विकत घेतला आणि ते मिशिगनमधल्या सुरुवातीच्या राज्य उद्यानांपैकी एक झालं. मुलाने ही माहिती गाडीत सांगितली. मिस्त्रींनी विचारलं, “म्हणजे बाकीची झाडं घरांत गेली?” मुलगा म्हणाला, “हो, तिकडे घरं लाकडाचीच असतात.” त्यावर मिस्त्री बराच वेळ बाहेर बघत होते. विटेच्या माणसाला लाकडाच्या घरांबद्दल दयाच येते.

चार-साडेचार तासांचा रस्ता, पण वाटेत पाऊस लागला आणि आम्ही पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजत आले. जूनच्या शेवटी तिथे सूर्य साडेनऊला मावळतो, तेव्हा मगरिबची वेळ नुकतीच सुरू झालेली आणि उजेड जात चाललेला. दहानंतर आवाज करायचा नाही असा तिथला नियम. आजूबाजूला लोक आपापल्या तंबूंत, ट्रेलरांत शिरलेले. आमच्या वाट्याची जागा दोन झाडांमध्ये, खडी टाकलेली, आणि साफ एका बाजूला उतरती.

मुलगा डोक्यावर टोपी ओढून पावसात उतरला. ट्रेलर पुढे घेतला, मागे घेतला. ट्रेलरच्या पुढच्या अंगाला मालकाने बोटाएवढी एक पाणसळ चिकटवलेली होती, आत हिरवं पाणी आणि एक बुडबुडा. टॉर्च मारून मुलाने ती बघितली आणि म्हणाला, थोडंच आहे. मिस्त्री खाली उतरले आणि म्हणाले, “बेटा, उजवं चाक खाली आहे.” मुलगा दमलेला होता. साडेचार तास ओझं ओढत गाडी चालवून कोणीही दमेल. तो म्हणाला, “अब्बा, तुम्ही आत बसा, भिजाल. तुम्हाला यातलं काही कळणार नाही.”

मिस्त्री आत येऊन बसले. ओले पायजमे झटकले, काही बोलले नाहीत.

ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना चार दुमडते पाय असतात. हँडल फिरवलं की ते खाली येतात. मुलाने उजव्या बाजूचे पाय फिरवून फिरवून तेवढ्यावरच ट्रेलर उचलायचा प्रयत्न केला. खालून कर्रर असा आवाज आला. मिस्त्रींनी काचेवर टकटक केली, पण पावसात त्याला ऐकू गेलं नाही. मग त्याने स्वतःच सोडून दिलं, चाकांना पुढून मागून ठोकळे लावले, ट्रेलर गाडीपासून सोडवला आणि आत येऊन म्हणाला, “रात्रीपुरतं चालवून घेऊ.”

त्या रात्रीची मजा सांगायची तर पुष्कळ आहे. दालचा गरम करायला ठेवला तर तो पातेल्याच्या एका कडेला जाऊन बसला. मोरीतलं पाणी जाळीच्या उलट दिशेला साठलं. कपाटाचं दार लावलं की आपोआप उघडायचं. नातवाने त्याला भूत ठरवलं आणि त्याच्याशी गप्पा मारायला लागला. आम्ही झोपलो तो पलंग असा की डोकं पायांच्या खाली. उलटं फिरून झोपलो, तर एकमेकांच्या अंगावर घसरायला लागलो. लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर अशी वेळ येईल असं वाटलं नव्हतं, म्हणून दोघंही अंधारात तोंड दाबून हसलो. पण हसून झाल्यावर मिस्त्री हळूच म्हणाले, “मला काही कळणार नाही म्हणाला.”

पहाटे मिस्त्री नमाजला बाहेर गेले. आतल्या जमिनीवर सजद्यात तोल जात होता. बाहेर पाऊस थांबलेला, पाइनच्या काट्यांचा ओला वास. मोबाइलवर किबला बघायचा, कारण तिथे तो ईशान्येकडे येतो. आयुष्यभर मावळतीकडे तोंड केलेल्या माणसाला सूर्य उगवतो त्या बाजूला वळून उभं राहायला रोज नव्याने आठवावं लागतं.

सात वाजता सुनेने चहासाठी दूध काढायला फ्रिज उघडला आणि आत हात घालून थांबली. गार नव्हता. दूध कोमट, डिअरबॉर्नच्या दुकानातून आणलेला खिमा कोमट, लोणी मऊ. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

फ्रिजची ज्योत तर पेटलेली होती. होय, ज्योत. हा फ्रिज गॅसवर चालतो. मुलाने खणातून माहितीपुस्तक काढून वाचायला सुरुवात केली, आणि एक-दोन पानांनंतर ते मोठ्याने वाचू लागला, कारण मिस्त्री त्याच्या खांद्यावरून बघत होते आणि त्यांना इंग्रजी येत नाही.

आपल्या घरातल्या फ्रिजला मागे कॉम्प्रेसर असतो, तो घरघरतो आणि गॅस ढकलतो. या फ्रिजला ढकलणारं कोणी नाही. नळ्यांच्या आत पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन कायमचे बंद केलेले असतात. खालून आच दिली की अमोनिया पाण्यातून वाफ होऊन वर जातो, वरच्या नळ्यांत थंड होऊन थेंब थेंब खाली उतरतो, हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा वाफ होताना आतली उष्णता ओढून घेतो, मग पाण्यात विरघळून पुन्हा आचेपाशी येतो. पंप नाही, चक्र नाही. स्टॉकहोमच्या तंत्रशाळेत शिकणाऱ्या फॉन प्लॅटन आणि मुंटर्स या दोन तरुणांनी 1922 मध्ये ही युक्ती काढली, आणि तीन वर्षांनी इलेक्ट्रोलक्सने ते फ्रिज करून विकायला आणले. आणि हे सगळं उतरणं स्वतःच्या वजनाने, नळ्यांच्या ठरलेल्या उतारावरून. फ्रिज फार कलला तर थेंब मध्येच अडकतात, आच मात्र चालूच राहते. खालची नळी तापत जाते, आणि बराच काळ तसं चाललं तर आत कचरा धरून फ्रिज कायमचा बाद होतो.

“आग लावून बर्फ,” मिस्त्री म्हणाले. मग जरा थांबून, “म्हणजे ढाळाचं काम आहे.”

ढाळ हा गवंड्याचा शब्द. मोरीची, गच्चीची फरशी डोळ्यांना सपाट दिसते, पण तिला पाणी जाण्यापुरता उतार दिलेला असतो, तो ढाळ. मिस्त्री मोरीला फुटाला दोन सूत ढाळ देतात. आठ सुतांचा एक इंच. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घरांतलं पाणी कुठे जाईल ते ठरवलं, आणि इथे एक यंत्र सांगत होतं की माझंही पाणी त्याच कायद्याने चालतं.

मुलाने फ्रिज बंद केला. निवू दिल्यावर आणि ट्रेलर सपाट केल्यावर पुन्हा लावायचा. सून म्हणाली, खिमा आता ठेवायला नको. लिहिणारीच्या मनात होतं की भाजून घेतला तर चालेल, पण परक्या देशात सुनेशी खिम्यावरून वाद घालायचा नाही एवढं शहाणपण होतं. आमचं लक्ष खिम्यावर नव्हतंच. हळदीचा डबा आत होता.

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. एक तर लगेच धोका नाही हे लिहिणारीला ठाऊक होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं की चालू पेन साधारण चार आठवडे बाहेर राहू शकतं, फक्त तीस अंशांच्या वर तापू द्यायचं नाही. न उघडलेली मात्र दोन ते आठ अंशांत ठेवायची. रात्र पावसाळी होती, ट्रेलरमध्ये स्वेटर घालूनच झोपलो होतो, तेव्हा रात्रीपुरतं काही बिघडलं नसणार. पण दिवस वर आला की हा पत्र्याचा डबा तापणार. पाच महिन्यांचं औषध होतं त्यात. तिथे विम्याशिवाय औषध घ्यायचं म्हणजे काय किंमत पडते हे आम्ही ऐकून होतो. आणि घ्यायचं तरी मुलाला सांगूनच.

तेव्हा मिस्त्रींनी ठरवलं की फ्रिजच चालू करायचा, म्हणजे कोणाला काही सांगायला नको. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण बेचाळीस वर्षांत तेवढं कळतं. ते उठले आणि सुनेला म्हणाले, “बेटा, मोठी थाळी दे. आणि पाणी.”

पाणसळ नव्हती. ती कऱ्हाडला, खिळ्याला टांगलेली. ट्रेलरवर चिकटवलेल्या पाणसळीवर त्यांचा विश्वास नव्हता. खरी पाणसळ ओळखायची तर एका जागी ठेवून बुडबुडा बघायचा, मग तीच उलट दिशेने फिरवून ठेवायची. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच जागी आला तर खरी. चिकटवलेली फिरवणार कशी? म्हणून थाळी. चपात्या ठेवायची स्टीलची थाळी, जवळजवळ फूटभर रुंद. ती ट्रेलरच्या जमिनीवर बरोबर चाकांच्या वर ठेवली आणि पाण्याने भरली. उजवीकडे पाणी काठाला लागलं आणि सांडलं, डावीकडे स्टील कोरडं. मग नातवाला विचारलं, तुझ्याकडे नाणी आहेत का? नातवाची थैली होती. पंचवीस सेंटचं एकेक नाणं थाळीच्या उजव्या कडेखाली सरकवत गेले. चार झाली, पाच झाली. सात नाण्यांवर पाणी सगळीकडून काठाशी सारखं आलं. नातवाच्या फूटपट्टीने सात नाण्यांची चवड मोजली: अर्धा इंच, केसभर कमी.

“फुटाला चार सूत,” मिस्त्री म्हणाले. “दोन चाकांत अंतर किती?”

मुलाने टेपने मोजलं. साडेसहा फूट.

“मग सव्वातीन इंच. उजवं चाक सव्वातीन इंच उचल.”

मुलगा तसाच उभा राहिला. तो संगणकाचा इंजिनिअर आहे, त्याला हा हिशेब कळत नाही असं नाही. पण रात्री त्याने तीन वेळा गाडी पुढेमागे केली होती आणि पावसात अंदाज घेत होता. आणि त्या बुडबुड्यावर त्याने भरवसा ठेवला होता, जो आता निवांत दिवसाउजेडी बघितला तर मुळात तिरका चिकटवलेला होता.

पुढचं काम बापलेकांनी केलं. आधी चारी पाय वर घेतले. मिस्त्रींनी पुस्तकातली चित्रं बघूनच ओळखलं की हे पाय ओझं उचलायला नाहीतच, आत कोणी चाललं तर डबा डुलू नये एवढ्यापुरते. रात्रीचा कर्रर आवाज हा सांगाड्याचा होता. मग मोटार मागे आणून दांडा पुन्हा अडकवला, साखळ्या लावल्या, आणि नंतरच ठोकळे काढले. हा क्रम त्यांनी मुलाकडून दोनदा म्हणवून घेतला. दोनच चाकांची गाडी. बैल सोडले की बैलगाडी कशी उतारावर पळते हे गावाकडच्या माणसाला माहीत असतं. नातवाला लिहिणारीने हाताला धरून झाडामागे उभं केलं.

मालकाने पिशवीत प्लास्टिकचे दहा ठोकळे दिले होते, मुलांच्या खेळण्यातले असतात तसे एकमेकांत बसणारे, एकेक इंच उंचीचे. मिस्त्रींनी चाकापुढे खाली तीन, त्यांच्यावर दोन, त्यांच्यावर एक अशा पायऱ्या रचल्या. पाव इंच सोडून दिला. म्हणाले, घराला सोडला नसता. मुलगा गाडीत बसला, मिस्त्री चाकाच्या बाजूला, अंतर ठेवून. “येऊ दे... येऊ दे... हळू... येऊ दे... बास!” ठोकळे करकरले, चाक वर चढून बरोबर मधोमध थांबलं. मग चाकांना पुढून मागून ठोकळे, मग सोडवायचं, आणि मग पुढच्या दांड्याखालचा जॅक फिरवून पुढची-मागची बाजू. आतून सून थाळीकडे बघत ओरडून सांगत होती, “अब्बाजान, अजून थोडं... अजून... झालं!” शेवटी चारी पाय नुसते जमिनीला टेकवले. शेजारच्या तंबूतले एक वयस्कर गोरे गृहस्थ कॉफीचा कप घेऊन हे सगळं बघत होते. थाळी बघून त्यांनी अंगठा वर केला. मिस्त्रींनी सलाम केला.

साडेनऊ झाले होते. फ्रिज लावला. मिस्त्री खूश, आणि आम्ही दोघंही. आता अर्ध्या तासात गार होईल आणि डबा आत गेला की विषय संपला.

पण तो फ्रिज तसा गार होत नाही. पुस्तकात लिहिलं होतं, कित्येक तास लागतात, शक्य तर आदल्या रात्रीच लावून ठेवा. अकरा वाजता आत हात घातला तर बाहेरच्यासारखंच. बारा वाजता ऊन चढलं, पत्रा तापू लागला. मिस्त्रींनी गुपचूप एक ओला पंचा आणून डब्याभोवती गुंडाळला, माठाला गुंडाळतात तसा, आणि पलंगाखाली सारला.

मुलगा फ्रिज पुसून काढत होता, बिघडलेलं टाकत होता. त्याला पलंगाखाली ओला पंचा दिसला. “हे काय, अम्मी? हळद? ही तर भिजली असेल, टाकून देऊ?” असं म्हणून त्याने डबा कचऱ्याच्या पिशवीकडे नेला.

मिस्त्री म्हणाले, “ठेव तो.”

आवाज फार मोठा नव्हता. पण लहानपणी पाडावर चढला होता तेव्हाचा तो आवाज होता, आणि मुलाने तो ओळखला. त्याने झाकण काढलं.

मग आम्ही सांगितलं. कोणी आधी सुरू केलं ते आता आठवत नाही. तो ऐकत होता आणि बोटांवर काहीतरी मोजत होता. “चौदा महिने. म्हणजे गेल्या रमजान ईदला मी फोन केला तेव्हा? आणि अम्मी म्हणाली शुगर एकदम छान आहे?” हो, तेव्हाही. “आणि मी शिरखुर्म्याचा फोटो पाठवायला सांगितला तेव्हा?” तेव्हाही. मिस्त्री म्हणाले, “तुला काळजी नको म्हणून.” तो म्हणाला, “अब्बा, मी लहान नाही,” आणि पायात चप्पल सरकवून निघून गेला.

तासभर आला नाही. तो तासभर कसा गेला ते लिहीत नाही. पलीकडे झाडांमागे संगीताचं मोठं विद्यालय आहे, उन्हाळ्यात तिथे देशभरची मुलं शिकायला येतात. कोणीतरी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होतं, चुकत होतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होतं.

तो आला तो उद्यानाच्या दुकानातून बर्फाच्या दोन पिशव्या आणि सुनेच्या मोठ्या थर्मासएवढी पेटी घेऊन. डोळे लाल होते. बर्फ पेटीत ओतायला लागला, तेव्हा लिहिणारीने त्याचा हात धरला. इन्सुलिन बर्फाला लागू द्यायचं नाही, गोठलं की कायमचं गेलं. मग दोघांनी मिळून केलं: खाली बर्फ, वर दुमडलेला टॉवेल, त्यावर स्टीलचा डबा, डब्यात पेनं, वर पुन्हा टॉवेल. सुनेने स्वयंपाकाचा थर्मामीटर आत खोचला. सहा अंश आले. मुलाने ते वाचलं, मोबाइलमध्ये लिहून ठेवलं. दर तासाने उठून तो वाचायचा आणि लिहायचा. संध्याकाळी फ्रिज खरंच गार झाला, चार अंशांवर, तेव्हा डबा आत गेला. सगळ्यात पुढे, दुधाच्या शेजारी.

रात्री इंजेक्शनची वेळ झाली तेव्हा लिहिणारी सवयीने मोरीत जाऊन दार लावायला निघाली. मुलगा म्हणाला, “इथेच घे.” आणि बघत बसला. कुठे टोचायचं, किती आकडा फिरवायचा, टोचल्यावर दहा मोजायचे, सगळं विचारून घेतलं. नातूही बघत होता. त्याने दहा मोजले.

दुसऱ्या दिवशी भांडी धुवायच्या नळापाशी सुनेने लिहिणारीला एकटीला गाठून सांगितलं की आदल्या वर्षी मुलाची नोकरी गेली होती. चार महिने घरीच होता, पण आम्हाला फोन करताना टेबलाशी बसून, शर्ट घालून, ऑफिसात असल्यासारखा करायचा. “तुम्हाला काळजी नको म्हणून,” ती म्हणाली. “तो सांगू नको म्हणालाय.” लिहिणारीने रात्री मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्री सपाट पलंगावर उताणे पडून छताकडे बघत राहिले. म्हणाले, “कुठे राहिला असेल तेवढे महिने हप्ता भरायचा?” मग म्हणाले, “आपण विचारायचं नाही.” आम्ही विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

चौथ्या दिवशी ट्रेलर परत केला. मिस्त्रींनी मालकाला, मुलाच्या तोंडून, सांगितलं की तुमची पाणसळ तिरकी आहे. मालक हसला, म्हणाला, सहा वर्षांत कोणी बोललं नाही. मग मिस्त्रींनी आतून थाळी मागवली, आणि मालकाच्या अंगणातच ट्रेलर पाण्यावर धरून, जुनी पाणसळ खरवडून काढून बुडबुडा मधोमध आणून पुन्हा चिकटवून दिली. मुलगा बाजूला उभा राहून नाणी देत होता.

आता तो रोज रात्री फोन करतो आणि सलाम झाला की पहिला प्रश्न आकड्याचा. लिहिणारीला त्याचा थोडा त्रासच होतो, खोटं सांगायची सोय राहिली नाही. त्याने हिवाळ्यात स्वतःचा ट्रेलर घ्यायचं मनात घेतलं आहे, जुना, स्वस्तातला. त्याचे फोटो मिस्त्रींना पाठवतो, आणि मिस्त्री फोटोवरून सांगतात की हा नको, याची जमीन बसलेली आहे.

हा मजकूर मासिकाला पाठवण्याआधी आम्ही सुनेला विचारलं, नोकरीचं लिहिलंय, ठेवू की काढू? अंक त्याच्या हातात पडला तर कळेल. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “ठेवा, अम्मीजान. मराठी वाचायला त्याला वेळ लागतो, पण वाचतो.”